उपडं मडकं

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

बाहेर घोटाभर बर्फ पडलाय आणि मी बोलणार आहे शेतातल्या जाळाबद्दल. त्याला कारण आहे. आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात याच दिवसांत संध्याकाळ झाली की शेताशेतात पोपट्या लागतात, म्हणजे मडक्यात भरलेल्या वालाच्या शेंगा जाळात शिजवतात. काल सकाळी, तिकडे रात्र असताना, भावाशी फोनवर बोलत होते, तर मागून पोरांचा गलका ऐकू येत होता आणि तो म्हणाला, "थांब, मडकं उचलतायत." तेवढं ऐकून मला त्यात घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास आला, इथे न्यू जर्सीत.

ज्यांनी पोपटी पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्याकडे भात कापून झाला की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल पेरतात. डिसेंबर सरता सरता शेंगा भरतात. त्याच सुमारास बांधाबांधावर भांबुर्डा माजतो. एरवी त्याला कुणी विचारत नाही, तण म्हणून उपटून टाकतात. त्याचा वास असा उग्र की हात दोनदा धुतले तरी जात नाही. पण त्याच्यावाचून पोपटी होत नाही.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. वर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, कणगरं, मधे मधे अंडी. खाणारे असतील तर वाटण लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला इतका गच्च कोंबायचा की मडकं उपडं केलं तरी आतलं हलता कामा नये. तेल घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. शेंगांची आणि पाल्याची जी ओल असते तिचीच वाफ होते. मडकं उपडं असल्यामुळे ती वर तळाशी कोंडून राहते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्धा तास लागतो, कधी थोडा जास्त. आजोबा घड्याळ बघत नसत. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारत. चर्र होऊन थेंब जागच्या जागी उडाला की म्हणत, "झाली." मग काठीनं निखारे बाजूला सारायचे आणि ओल्या गोणपाटात धरून मडकं पालथ्याचं सुलटं करायचं. पहिल्यांदा वाफ येते, मग वास, आणि मग शेंगांचा ढीग पानावर पडतो. शेंग बोटांनी दाबली की दाणा आपसूक बाहेर येतो, मऊ, जरासा खारट, धुराचा.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट आता सांगते. लहानपणी मी आईला सगळ्यांच्या बरोबरीनं बसून जेवताना पाहिलं ते फक्त पोपटीला. घरी ती वाढायची, मग उरलेलं घेऊन चुलीपाशी बसायची. शेतात मडकं एकदा लागलं की कुणाच्याच हाताला काम नसतं. पोळ्या लाटायच्या नाहीत, फोडणी करायची नाही, उष्टी काढायची नाहीत. जाळाकडे पाय करून ती आत्याशी गप्पा मारत बसायची, आणि शेंगा आल्या की गरम गरम पहिली ओंजळ तिच्या पदरात पडायची. तिचं हसणं मोठ्यांदा मी तिथेच ऐकलंय.

हे फक्त आमच्या रायगडाचं नाही. इथे सोलापूरचे, बीडचे लोक बसलेत, त्यांना हुरड्याची आगटी आठवत असेल. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. जळगावकरांचं भरीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, विदर्भात गोवऱ्यांत रोडगे लावतात. बघा, प्रत्येक ठिकाणी जळण आसपासचंच, शेतातलं नाहीतर गोठ्यातलं. जिथे जे पिकतं ते तिथल्याच जळणावर शिजतं. म्हणून प्रत्येक गावाच्या धुराला वेगळी चव आहे असं मला मनापासून वाटतं.

मागच्या कोजागिरीला आम्ही सात घरांनी मिळून इथल्या कॅम्पग्राउंडवर पोपटी लावून पाहिली. लाकूड घरून न्यायचं नाही, जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं. हा नियम कृपा करून पाळा. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला. त्याची अळी ॲशच्या झाडाच्या सालीखाली असते आणि सरपणाच्या ओंडक्यांतून ती दूरदूर पोचली. कितीतरी झाडं गेली.

भांबुर्डा अर्थातच नव्हता. पण आपल्यातल्या बऱ्याच घरी कुंडीत पानओवा असतो. तो, कोबीची बाहेरची पानं आणि दुकानातली गोठवलेली केळीची पानं घेतली. वास भांबुर्ड्याचा आला नाही, तरी स्वतःचा असा चांगला आला. शेंगा मात्र आमच्या परसातल्या होत्या. इथे वाल उन्हाळाभर नुसता वेल माजवतो आणि शेंगा धरतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस लहान व्हायला लागले की. म्हणजे पहिलं दव गोठायच्या आत, अगदी कोजागिरीच्या तोंडावर.

पहिलं मडकं तडकलं. सकाळीच धुतलं होतं, मातीत पाणी राहिलं आणि ओकचे जाड ओंडके आम्ही अगदी चिकटून रचले. फट् असा आवाज आला आणि मुलं रडवेली झाली. दुसऱ्या वेळी एका काकांनी कुऱ्हाडीनं ओंडक्यांच्या बारीक ढलप्या काढल्या, वीतभर अंतर ठेवून गोल रचल्या आणि जाळ हळूहळू जवळ आणला. शेजारच्या तंबूतलं वलसाडचं कुटुंब वासानं उठून आलं. त्यांच्याकडेही असंच उपडं मटकं लावतात, उंबाडियुं म्हणतात. त्यांनी हिरवी चटणी आणली. तोवर चंद्र झाडांच्या वर आला होता. एका वहिनींनी दूध आटवायला घेतलं, तर त्यांच्या मुलीनं त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाली, "आई, तू बस."

आपल्या मेळाव्यांना जेवण ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून येतं. माणसं शेदीडशे असतात, त्याला इलाज नाही. पण वर्षातून एक संध्याकाळ बाहेर, जाळाभोवती, एवढं आपण करू शकतो. मी कार्यकारिणीला विनंती केली आहे की या वर्षीच्या कोजागिरीसाठी मोठा ग्रुप कॅम्पसाइट आत्ताच बघून ठेवावा, ऑक्टोबरचे शनिवार लवकर भरतात. पाच मडकी लागतील. भारतातून कुणी येणार असेल तर जुनं, वापरलेलं मडकं आणा, नवं तडकतं. कपड्यांत गुंडाळलं की बॅगेत नीट येतं.

आणि ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी मे महिन्याच्या शेवटी, थंडी गेल्यावर, वाल लावा. कुंपणाला किंवा मांडवाला वेल चढेल. बियाणं मी मागच्या शेंगांतलं राखून ठेवलंय, पुड्या बांधून आणल्यात. तिकडे तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा.