वही कोरी का?

(पाचवीच्या पालकसभेत इंग्रजीच्या शिक्षिकेने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मुख्याध्यापक सर, व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालकहो,

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आई त्याची इंग्रजीची वही घेऊन आल्या. वही जवळजवळ कोरी होती. "बाई, शेजारच्या मुलीची दुसरी वही संपत आली," असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. ती काळजी खरी आहे, म्हणून आज सविस्तर बोलते.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. म्हणजे पाचवीत येणारं मूल चार वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. स्पेलिंगं पाठ, प्रश्नोत्तरं घोटलेली. पण डबा खाऊन आल्यावर 'व्हॉट डिड यू ईट?' असं सहज विचारलं, की ते गप्प उभं राहतं. समजेल असं इंग्रजी त्याच्या कानावर फारसं पडलेलंच नसतं.

म्हणून सध्या मी वहीत लिहून घेण्याऐवजी तहानलेल्या कावळ्याची गोष्ट इंग्रजीतून सांगते. गोष्ट मुलांना ठाऊक असते, तोच आधार. फळ्यावर कावळा काढायचा, गळ्याला हात लावून म्हणायचं, 'द क्रो इज थर्स्टी.' मग विचारायचं, 'इज द पॉट थर्स्टी?' अख्खा वर्ग ओरडतो, 'नो!' 'हू इज थर्स्टी?' 'क्रो!' दहा मिनिटांत तो एक शब्द मुलं पंधरा-वीस वेळा ऐकतात, दरवेळी अर्थासकट. अडलंच तर मराठी अर्थ मी सरळ सांगते. त्यात कमीपणा कसला? न समजता कानावरून गेलेलं इंग्रजी म्हणजे नुसता आवाज.

अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या सुमारास हेच मांडलं: समजणारी भाषा, आणि तिच्यात किंचित पुढचं काही, एवढं मिळत राहिलं की भाषा अंगवळणी पडते. त्याच सुमारास, १९७९ पासून पाच वर्षं, इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं देऊन इंग्रजीतून प्रश्न सोडवायला लावले. व्याकरणाचे वेगळे पाठ नव्हते. हा प्रयोग आपल्या देशातला, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

नुसतं ऐकून सगळं येतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलताना व्याकरण चुकत राहायचं. तिथल्या भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे बोलणं-लिहिणंही येणारच आहे. दिवाळीनंतर मुलं ऐकलेल्या गोष्टी आपापल्या शब्दांत लिहितील. तोवर एक विनंती: पाहुण्यांसमोर 'इंग्लिशमध्ये बोलून दाखव' असं म्हणू नका. मूल मिटून जातं.

सर, तपासणीला येणाऱ्या साहेबांना वह्या दाखवाव्या लागतात, हे मी जाणते. त्यांना दहा मिनिटं वर्गात बसवा. मुलांनी कधीच न ऐकलेली गोष्ट मी इंग्रजीतून सांगेन आणि मुलं तिची चित्रं क्रमाने लावून दाखवतील.

त्या आई येत्या शुक्रवारी तिसऱ्या तासाला वर्गात बसायला येणार आहेत. आणखी कुणाला यायचं असेल तर या. मागच्या दोन बाकांवर जागा आहे.