खडकात गोठलेलं चुंबकत्व

नमस्कार मंडळी! आज बोलूया जो किर्शव्हिंक यांच्याबद्दल. हे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञान-संशोधन संस्थेचे जिओबायोलॉजिस्ट, म्हणजे खडक आणि जीवसृष्टी यांचा अभ्यास एकत्रच करणारे. कॅलटेकमध्येच हाइन्झ लोवेनस्टाम यांनी 1962 मध्ये दाखवून दिलं होतं की कायटन नावाचा समुद्री जीव स्वतःच्या दातांत मॅग्नेटाइट बनवतो. जिवंत प्राणी चक्क चुंबकी खनिज तयार करतो! हाच धागा किर्शव्हिंकनी धरला, आणि 1978 मध्ये सहकाऱ्यांसोबत मधमाशीच्या शरीरातलंही चुंबकत्व मोजलं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना खडकांवरचं काम. कसंय बघा, पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र विषुववृत्तावर आडवं असतं आणि ध्रुवांकडे जावं तसं उभं होत जातं, आणि गाळ साचताना त्यातले चुंबकी कण त्या दिशेला लागतात, मग गाळाचा खडक झाला की तो कुठल्या अक्षांशावर साचला हे कोट्यवधी वर्षांनीही वाचता येतं. एलाटिनाचे खडक सुमारे साडेत्रेसष्ट कोटी वर्षांपूर्वीचे, बर्फाने आणलेल्या गाळाचे, आणि त्यांचं चुंबकत्व जवळजवळ आडवं! म्हणजे विषुववृत्तापाशी हिमनद्या?? किर्शव्हिंकना आधी हे पटेना, त्यांना वाटलं हे चुंबकत्व नंतर कधीतरी आलं असेल. मग त्यांच्या एका विद्यार्थिनीने गाळ ओला असतानाच पडलेल्या घड्या तपासल्या, तर चुंबकत्वही त्या घडीसोबत वाकलेलं निघालं, म्हणजे ते घडी पडायच्या आधीचं. मला हा पुरावा फार सुंदर वाटतो.

यातून 1992 मध्ये त्यांनी ‘स्नोबॉल अर्थ’ हे नाव आणलं: पृथ्वी जवळपास पूर्ण गोठलेली. मग सुटका कशी झाली? ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडतच राहिले, पण पाऊस आणि खडकांची झीज थंडावल्यामुळे तो वायू शोषला जाईना, साठत गेला, त्याने उष्णता धरून ठेवली, आणि शेवटी बर्फ वितळलं.

त्याच वर्षी त्यांच्या टीमने माणसाच्या मेंदूतही मॅग्नेटाइट असल्याचं छापलं. त्यातलं काही प्रदूषित हवेतून येत असावं असं नंतरच्या संशोधनात पुढे आलं, तो वाद आहेच. पण 2019 मध्ये त्यांनी लोकांना बाहेरच्या विद्युत लहरी अडवणाऱ्या अंधाऱ्या खोलीत बसवून भोवतीचं चुंबकी क्षेत्र फिरवलं, तर काहींच्या मेंदूतल्या अल्फा लहरी (मेंदू निवांत असताना ठळक दिसणाऱ्या विद्युत लहरी) लक्षात येण्याइतक्या खाली आल्या, म्हणजे मेंदूने तो बदल टिपला असावा; बसलेल्यांना मात्र काहीच जाणवलं नव्हतं. आता हे नेमकं कुठल्या पेशींना कळतं, ते शोधणं बाकी आहे.