कचराळीकाठचं ऑफिस हलणार, मग काठ कुणाचा?

[दृश्य: कचराळी तलाव, संध्याकाळची वेळ, ट्रॅकवर चालणारी माणसं]

ठाण्याबाहेरच्या माणसाला ठाण्यातला तलाव म्हटलं की तलावपाळीच आठवते, म्हणजे मासुंदा, शेजारी गडकरी रंगायतन, बोटिंग, भेळपुरीच्या गाड्या वगैरे. पण पाचपाखाडीत राहणाऱ्याला विचाराल तर तो आधी कचराळीचं नाव घेणार. सकाळ-संध्याकाळ इथं चालायला येणाऱ्यांची गर्दी बघा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, क्लास सुटल्यावर घोळक्यानं बसलेली पोरं. आणि ह्या तलावाच्या शेजारीच ठाणे महापालिकेचं मुख्यालय आहे.

हे मुख्यालय आता हलणार आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते नव्या प्रशासकीय इमारतीचं भूमिपूजन झालं, खर्च साधारण ७०० कोटी, रेमंडच्या जागेवर उंच बिल्डिंग उभी राहायचीय आणि इकडेतिकडे पसरलेली बहुतेक खाती त्यात एकत्र आणायची असं ठरलंय. हे चांगलंच आहे. एका सहीसाठी ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल एकत्र असण्याची किंमत काय ते.

पण मग जुन्या जागेचं काय करायचं, हे आत्ताच ठरवून लिहून ठेवायला हवं, कारण रिकामी सरकारी इमारत आणि तीसुद्धा पाण्याशेजारची, ठाण्याच्या मध्यावरची, अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही, कुणीतरी प्रस्ताव घेऊन येतंच. आणि प्रस्ताव आल्यावर विचार करायला बसलो की तोपर्यंत उशीर झालेला असतो.

[दृश्य: खाडी, कळवा पूल, कारागृहाची दगडी भिंत बाहेरून]

मुळात सरकारी इमारती पाण्याकाठी आल्या कशा? तर ठाण्याचा जुना हायवे म्हणजे खाडी. माल खाडीतून, माणसं खाडीतून, शत्रू पण खाडीतूनच. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला तो खाडी राखायला, १७३७ ला मराठ्यांनी तो घेतला, १७७४ ला इंग्रजांनी, आणि इंग्रजांनी पुढं त्याचा तुरुंग केला. आज तेच ठाणे मध्यवर्ती कारागृह. १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ह्याच भिंतींच्या आत फाशी दिली गेली. कान्हेरे तेव्हा विशीतही पोचले नव्हते.

१८५३ ला रेल्वे आली आणि बंदराचं महत्त्व ओसरत गेलं. पण इमारती होत्या तिथंच राहिल्या, आणि शेजारी नव्या येत गेल्या. आज कळवा पुलाजवळ कारागृह आहे, पोलीस आयुक्तालय आहे, थोडं आत कोर्ट नाका आणि कलेक्टर ऑफिस. म्हणजे गावाच्या जुन्या भागातून सरळ खाडीकडं चालत जायचं म्हटलं तर मध्ये सरकारच उभं आहे. कित्येक ठाणेकरांनी आपल्या शहराची खाडी फक्त लोकलच्या दारातून बघितलीय, कळवा यायच्या आधी अर्धा मिनिट. ह्याच खाडीत फ्लेमिंगोचं अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ती आली.

कारागृह हलवा आणि किल्ला लोकांना उघडा, ही मागणी ठाण्यात बरीच वर्षं होतेय. मला ती मनापासून पटते. पण कारागृहात क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंडलेली आहेत, त्यांना नीट जागा मिळाल्याशिवाय किल्ल्याच्या सुशोभीकरणाची चित्रं काढणं बरोबर नाही. आधी नवं कारागृह, मग किल्ला. महापालिकेच्या बाबतीत तसं काही अडलेलं नाही, तिथं नवी इमारत ठरलीच आहे, म्हणून सुरुवात कचराळीपासून होऊ शकते.

[दृश्य: पणजी, मांडवीकाठचा रस्ता]

आता जरा गोव्यात जाऊ, कारण तिथं हे करून झालंय. पणजीत मांडवीच्या अगदी काठावर आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. १७५९ पासून तिथं पोर्तुगीज व्हाइसरॉय राहायचे, नंतर गोव्याचं सचिवालय आणि विधानसभा तिथंच. २००० साली विधानसभा नदीपलीकडं पर्वरीला गेली, पुढं सचिवालयही गेलं. राजवाडा विकला नाही, पाडलाही नाही, आज तिथं प्रदर्शनं भरतात, आणि डिसेंबरातल्या कला महोत्सवाला पोरं त्याच दालनांतून फिरतात जिथं एकेकाळी शिपाई अडवायचा.

आणि त्याच रस्त्यानं थोडं पुढं गेलं की जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत. १८४२ साली सुरू झालेली ती वैद्यकीय शाळा. कॉलेज बांबोळीला गेलं, इमारत उरली, आणि २००४ ला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा तिची डागडुजी करून ती सिनेमाच्या कामाला दिली. एकाच नदीकाठी एक ऑफिस आणि एक शाळा, दोन्ही रिकाम्या झाल्या आणि दोन्ही सरकारच्या ताब्यात राहून लोकांच्या उपयोगी पडल्या. एवढं गोव्याला जमलं तर ठाण्याला का जमू नये?

[दृश्य: जुन्या शाळेचा व्हरांडा, लाकडी खांब, कौलं]

शाळांचा विषय इथंच येतो. मुख्यालय टॉवरमध्ये गेलं की जुन्या ठाण्यातल्या, म्हणजे खारकर आळी, जांभळी नाका, टेंभी नाका, चरई इथल्या माणसाला जन्माचा दाखला, मालमत्ता कर, पाणीपट्टी, विवाह नोंदणी ह्यासाठी तिकडं जावं लागता कामा नये. ही कामं घराजवळच व्हायला हवीत. प्रभाग समित्या आहेत, नऊ आहेत, पण शहर किती वाढलंय ते बघा, नुसत्या घोडबंदरला काय झालंय. आणि जुन्या गावठाणात नवी जागा मिळणार कुठून? तर जिथं मुलं कमी झाल्यानं खोल्या रिकाम्या पडल्यात अशा जुन्या शाळा.

एखादी जुनी मराठी शाळा आतून नीट बघा एकदा. दगडी जोतं, मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं, भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत शिरलात तरी पंख्याविना बसता येतं. फळा वेगळा टांगलेला नसतो, भिंतीतच काळा चौकोन केलेला असतो. आणि दप्तरं अडकवायच्या खुंट्या आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, कारण त्या पहिलीच्या पोराच्या हातानं मोजून ठोकल्यात. अशा खोलीत ज्येष्ठ नागरिकांच्या कामांसाठी एक खिडकी सुरू केली तर जिने चढायला नकोत, लिफ्ट नको, व्हरांड्यात बसायला बाकडी आधीपासून आहेतच. ऑफिससाठी ह्याहून चांगली इमारत कोण बांधून देणार?

पण नुसतं हौसेनं होत नाही. सगळ्यात मोठा घोळ होतो तो सिमेंटचा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्या ओल धरतात आणि सोडतात पण. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत अडकते, दगड-वीट आतून भुगा व्हायला लागते, लाकडाला वाळवी लागते, आणि पाच-सहा पावसाळ्यांत आपणच म्हणतो, बिल्डिंग धोकादायक झाली, पाडा. चुन्याचं काम चुन्यानंच करावं लागतं, त्याला माहितगार गवंडी लागतो आणि वेळ लागतो, टेंडरमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरं म्हणजे वजन. वर्गाच्या जमिनीवर साधारण चौरस मीटरला ३०० किलो वजन येईल असं धरतात, आणि कागदांनी भरलेल्या रेकॉर्ड रूमला त्याहून बरंच जास्त, ५०० किलो आणि वर. म्हणजे लाकडी माडीवर फायलींची कपाटं चढवली की तुळया वाकणारच. रेकॉर्ड खाली जोत्यावर ठेवा किंवा स्कॅन करून दुसरीकडं न्या, वर फक्त माणसं बसू देत.

[दृश्य: शाळेची मधली सुट्टी, आवाज तसाच ठेवायचा]

आणि ह्या सगळ्याच्या आधी मुलं. जिथं वर्ग चालू आहेत ती शाळा शाळाच राहिली पाहिजे, ह्यात माझ्याकडून काडीचीही सूट नाही. २०२२ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली तेव्हा, ह्या शाळा बंद होणार म्हणून, राज्यभर केवढी ओरड झाली आठवत असेल, आणि ती ओरड योग्यच होती. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असा कायदा आहे. ऑफिसला जागा हवी म्हणून पट कमी दाखवायचा, दोन वर्ग एकत्र करायचे, मुलांना लांब पाठवायचं, असं झालं तर ह्या कल्पनेला मीच विरोध करेन. रिकामी खोली आधी शाळेची, मग वाचनालयाची, आणि त्यानंतर ऑफिसची.

[दृश्य: कचराळीशेजारचं मुख्यालय, गेटवरची वर्दळ]

मुख्यालयाच्या जागेबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. तलावाकडच्या बाजूला आज जिथं गाड्या लागतात, कंपाउंडची भिंत आहे, तिथला पट्टा मोकळा करून ट्रॅकला जोडा. इमारत मजबूत असेल तर खालचे मजले अभ्यासिकेला द्या, एमपीएससीची पोरं जागेसाठी वणवण फिरतात. आणि मालकी महापालिकेचीच ठेवा, दीर्घ मुदतीच्या भाड्यानंसुद्धा देऊ नका.

तुमच्या वॉर्डात जुनी शाळा असेल तर एक काम करता येईल. माहिती अधिकारात अर्ज टाका, फी दहा रुपये, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मागायचं एवढंच की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं, त्याची प्रत, आणि इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी का सी-३ कुठल्या वर्गात धरलीय. सी-१ म्हणजे खाली करून पाडायची, सी-२ए म्हणजे खाली करून दुरुस्त करायची, बाकी दोन्हींत माणसं आत असतानाच दुरुस्ती होते. शाळा सी-१ मध्ये दिसली तर ऑडिट कुणी केलं आणि चुन्याच्या बांधकामाची कुठली चाचणी घेतली, हे विचारणारा दुसरा अर्ज लगेच टाका.