आधी निष्कर्ष, मग बाकीचं

(संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी काही जण यंदा ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेला उतरणार आहेत, काही जण परराज्यातल्या परिषदांना जाणार आहेत. गोषवारा स्वीकारल्याची मेल आली की सगळे एकच काम करतात. प्रबंधाची फाइल उघडायची, त्यातले परिच्छेद उचलायचे आणि पोस्टरवर डकवायचे. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती, निरीक्षणं, आणि उजव्या कोपऱ्यात तळाला, जिथे वाचणाऱ्याला वाकावं लागतं, तिथे निष्कर्ष. माझं आजचं बोलणं या सवयीच्या विरोधात आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. जानेवारी २००३. नासाचं कोलंबिया यान अवकाशात आहे आणि कल्पना चावलांसह सात जण त्यात आहेत. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. उष्णतारोधक आवरणाला त्यानं किती इजा झाली असेल, याचं विश्लेषण अभियंत्यांनी स्लाइड्सवर मांडलं. त्यातली एक स्लाइड पुढे गाजली. तिच्या मथळ्याचा आशय असा, की चाचण्यांची आकडेवारी पाहता आपले अंदाज सावध बाजूचेच आहेत. म्हणजे वाचणाऱ्यानं निर्धास्त व्हावं. खाली मुद्दे, त्यांचे उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. भागाकार करा. ६४० पट! ज्या चाचण्यांवर सगळा हिशेब उभा होता, त्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या. हे वाक्य मथळ्यात असतं तर बैठकीतली चर्चा वेगळी झाली असती. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात ही स्लाइड छापलेली आहे, आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिच्यावर केलेली चिकित्साही. एका स्लाइडमुळे यान पडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कारणं पुष्कळ होती. पण माहिती कागदावर होती आणि पोचली नाही, हे मात्र खरं.

आता आपल्या मथळ्यांकडे वळू. ‘अमुक तालुक्यातील महिला बचत गटांचा चिकित्सक अभ्यास’. (हशा) हसू नका, तुमच्या फायलींमध्ये हेच आहे. समजा त्या अभ्यासातून असं दिसलं, की बायका कर्ज वेळेवर फेडतात, अडतं ते माल विकताना. मग मथळाच तो करा: ‘बचत गटांची अडचण कर्जाची नाही, बाजारपेठेची आहे’. अधिकृत शीर्षक नोंदवलेलं असेल, बदलता येत नसेल, तर ते वर लहान अक्षरात ठेवा आणि हे वाक्य त्याखाली ठळक छापा. परीक्षक चालता चालता तेवढंच वाचेल, आणि तेवढंच त्याला पुरेल किंवा थांबवेल.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या संशोधक विद्यार्थ्यानं हाच विचार टोकाला नेला. पोस्टरच्या मधोमध एकच मोठं वाक्य, शेजारी क्यूआर कोड, बाकी तपशील कडेच्या पट्ट्यांत. कल्पना गाजली. पण मी तुम्हाला ती जशीच्या तशी उचला म्हणणार नाही. आपल्याकडे स्पर्धेत मधली जागा मोकळी दिसली की काम कमी झालंय असं समजणारे परीक्षक असतात, त्यांना तोंड तुम्हाला द्यायचंय. वाक्य मोठं ठेवा, आणि त्याच्या लगेच खाली ते सिद्ध करणारा एक आलेख. एकच.

मापाचं सांगतो. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, बरोब्बर सोळा ए-फोर कागदांएवढा. लांबी-रुंदी चौपट. त्यामुळे छापण्याआधी अख्खं पोस्टर एका ए-फोरवर काढा आणि दीड फुटावर धरा. जे वाचता येईल ते प्रत्यक्षात सहा फुटांवरून वाचता येईल. मजकुराला २४ पॉइंट दिलात तर त्या कागदावर तो ६ पॉइंटचा दिसतो, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरांसारखा. तिथेच कळतं. आयोजकांनी फळ्याचं माप फुटांत दिलं असेल तर तेही तपासा. आडवं पोस्टर उभ्या फळ्यावर लावण्याची कसरत दर परिषदेत कोणीतरी करत असतंच. आलेखात लाल आणि हिरव्या रेषा शेजारी नकोत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना त्या रंगांतला फरक नीट कळत नाही, आपल्याकडेही असे लोक आहेत. एक रेषा तुटक काढली की काम भागतं.

भाषणाबद्दल थोडक्यात. दहा मिनिटं मिळाली तर आठची तयारी करा. काय गाळायचं हे कळत नसेल तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेचा नियम घरी लावून बघा: तीन मिनिटं, एक स्थिर स्लाइड, संपूर्ण पीएचडी. त्यात जे टिकेल तो तुमचा कणा. फॉन्ट निवडण्यात रात्री घालवू नका. ४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाचे निकाल सांगताना शास्त्रज्ञ फाबिओला जियानोत्ती यांच्या स्लाइड्स कॉमिक सॅन्स या पोरकट समजल्या जाणाऱ्या फॉन्टमध्ये होत्या. लोकांनी थट्टा केली, कणाला काही झालं नाही. (हशा)

हो, विचारा. …मराठीतून पोस्टर करायचं असेल तर? जरूर करा. एकच सावधगिरी. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. फ्लेक्सवाल्याकडे बहुतेक वेळा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते; तिथे युनिकोड मजकूर नुसता चिकटवला तर वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून फॉन्ट आत घातलेली पीडीएफ द्या आणि ‘हे उघडून पुन्हा टाइप करू नका’ असं स्पष्ट सांगा. आणि छपाईला सोडण्याआधी दुकानात उभं राहून पडद्यावर रफार आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, विशेषतः गाइडच्या नावातली.