आठ रियालचं ओबडधोबड नाणं

हे नाणं नीट बघा. धड गोलही नाही, कडा वेड्यावाकड्या, छाप अर्धाच उमटलाय. हे स्पेनचं आठ रियालचं नाणं, वजन साधारण 27 ग्रॅम, त्यात 93 टक्के चांदी, आणि अख्ख्या जगात चालायचं.

बनवायची पद्धतच तशी होती. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडायचे, वजन जास्त भरलं की कात्रीनं कोपरा उडवायचा, मग दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा हाणायचा. दिसण्याशी कुणाला काय घेणंदेणं, वजन आणि कस बरोबर असला की झालं.

चांदी यायची मेक्सिकोतून आणि मुख्य म्हणजे पोतोसीतून, आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून 4000 मीटरवर. तिथल्या डोंगरात 1545 मध्ये चांदी सापडली आणि पुढे तिथला कारभार बघणारा स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो यानं मिता नावाची पद्धत लावली, म्हणजे लांबलांबच्या गावांतल्या आदिवासी पुरुषांनी पाळीपाळीनं येऊन राबायचं. सरळ वेठबिगारी, दुसरा शब्द नाही. खाणीतून वाचला तरी चांदी वेगळी करायला पारा वापरायचे, त्याची विषारी वाफ होतीच.

मग ही नाणी मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून जहाजानं फिलिपिन्समधल्या मनिलाला. तिथे चिनी व्यापारी रेशीम घेऊन हजर, आणि बदल्यात त्यांना हवी चांदीच, कारण मिंग सरकार कर चांदीत घ्यायचं आणि सोन्याच्या तुलनेत चांदीला तिथे युरोपच्या जवळपास दुप्पट भाव. आपल्याकडे डच आणि इंग्रज हीच नाणी सुरतेला आणायचे, पण इथे सराफ तोलणार, कस बघणार आणि मग मुघल टांकसाळीत वितळवून त्याचे रुपये पाडणार, म्हणजे स्पेनच्या राजाची शान थेट भट्टीत!

आता खरी गंमत. प्रत्येक नाण्यावर कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं अक्षर असायचं, म्हणजे जबाबदारी कुणाची ते लगेच कळावं. तरीही 1640 च्या दशकात पोतोसीच्या टांकसाळीतच भेसळ सुरू झाली, चांदी कमी आणि तांबं जास्त, आणि ती कुणी चोरून नाही तर आतल्याच लोकांनी केलेली. बोंब युरोपपर्यंत गेली, व्यापारी पोतोसीचं नाणं घेईनात. राजानं चौकशीला माणूस पाठवला, त्यात चांदीचा बडा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा सापडला, 1650 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. 1652 पासून छापच बदलला, दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा, म्हणजे नवं नाणं बघताक्षणी ओळखू यावं. जुन्या नाण्यांची किंमत सरकारनंच उतरवली, ज्यांच्या गाठीला ती होती त्यांचं नुकसान झालं ते झालंच.