बोअरवेल मारली की झालं? रेंदिले उंटपाळांचा खरा प्रश्न

नमस्कार मंडळी! धनगरांच्या वाड्यावरच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी लिहिलं, आफ्रिकेतल्या रेंदिलेंवर बोला. चला तर.

ठिकाण उत्तर केनिया, तुर्काना सरोवर आणि मार्साबित डोंगराच्या मधला रखरखीत माळ. जनावरं मुख्यतः उंट, जोडीला शेळ्यामेंढ्या. एवढं पुरे, मुद्द्यावर येते.

एका दादांची कमेंट आहे, "आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तसंच ना?" नाही दादा. धनगरांचा अख्खा वाडा मेंढरांबरोबर निघतो. रेंदिलेंचं घर एकीकडे आणि कळप दुसरीकडे! घरांच्या वस्तीला म्हणतात गोब. तिथं म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं आणि थोडी दुभती जनावरं. बाकीचा कळप घेऊन तरणी पोरं लांब चाऱ्यावर, तो तळ म्हणजे फोरा. तिथं घर नाही, उघड्यावर झोपायचं. पोट भरायचं दुधावर, कधी उंटाच्या मानेच्या शिरेतून काढलेल्या रक्तावर.

आता हेच उंटाच्या बाजूनं बघा. कोरड्या दिवसांतही तो आठ-दहा दिवस पाण्यावाचून चरतो, म्हणून विहिरीपासून लांब जाऊ शकतो. शेळीला ते जमत नाही, म्हणून शेळ्यांचा तळ वेगळा.

आणि घराच्या बाजूनं? लेकराला पाणी रोज लागतं. पाणी इथं, चारा तिथं. म्हणून कुटुंब वाटून राहतं.

तरी कमेंट येतेच, "बोअरवेल मारून एका जागी राहायचं ना!" हे वाचून मला खरंच राग येतो. अहो, ते करून झालंय! 1970 च्या दशकातल्या दुष्काळानंतर रेंदिलेंच्याच भागातल्या कोर्र आणि कार्गी इथं पाणी, ख्रिस्ती मिशन, शाळा, धान्यवाटप आलं. लोक तिथंच थांबले आणि आजूबाजूचा चारा, लाकूड संपत गेलं. 1976 मध्ये सुरू झालेल्या युनेस्कोच्या प्रकल्पानंही हेच दाखवलं. जमिनीतून पाणी काढता येतं, चारा पावसावरच येतो. माझं आजोळ माण तालुक्यातलं. चारा छावणीत वैरणीच्या ट्रकची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

एका ताईंनी विचारलंय, दुष्काळात उंट मेले तर? रेंदिले एकमेकांना उंटीण वापरायला देतात. दूध घेणाऱ्याचं, मालकी देणाऱ्याची. त्यामुळे एकाचे उंट अनेक कळपांत विखुरलेले राहतात, एकीकडं पाऊस चुकला तरी दुसरीकडं काही वाचतात. पण तिथं वर्षाला दोन पावसाळे, आणि 2020 च्या अखेरीपासून सलग पाच चुकले. चुकले ते सगळीकडेच. अशा वेळी विखुरलेला कळपही पुरत नाही.