नुसत्या ‘हो’वर विसंबू नये

नमस्कार, श्रोतेहो.

आपण काही सांगावे, समोरच्याने ‘हो हो’ म्हणावे आणि निरोप पोहोचला असे आपण धरून चालावे, हे रोजचेच आहे. परंतु त्या ‘हो’वरून समोरच्याने ऐकले एवढेच कळते, काय ऐकले, ते कळत नाही. मोबाइलवर प्रत्येक निरोपाला नुसता अंगठा दाखवणाऱ्यांविषयी माझे मत म्हणूनच फारसे बरे नाही.

याबाबतची एक घटना मी संधी मिळेल तेथे सांगत असतो. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांतील एका विमानतळावर बॉम्ब फुटला आणि तिकडे निघालेली विमाने शेजारच्या टेनेरीफ बेटावरील लहानशा विमानतळावर उतरवावी लागली. दुपारनंतर तेथे दाट धुके उतरले. केएलएम या डच कंपनीचे जंबो विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून उड्डाणाच्या तयारीत उभे होते आणि पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचे दुसरे जंबो त्याच धावपट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते. जमिनीवरचे रडार नसल्यामुळे नियंत्रकाचा सगळा भरवसा कानांवर होता.

नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. पुन्हा सांगतो, मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकाने तो मार्ग नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवला आणि शेवटी ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ असे जोडले. विमान तयार होऊन उभे आहे, असा नियंत्रकाने अर्थ घेतला. विमान तर धावू लागले होते. ‘ओके’ म्हणून नियंत्रक क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, ‘थांबा, मी कळवतो.’ नेमक्या त्याच क्षणी ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे पॅन ॲमनेही कळवले. दोन्ही बोलणी एकाच लहरीवर एकमेकांत मिसळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी उमटली. स्वच्छ ऐकू आले ते फक्त ‘ओके’. ‘ते विमान अजून बाजूला झाले नाही का?’ असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले, तेव्हा कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक असलेल्या कप्तानाने ‘झाले की’ असे ठामपणे सांगून विषय संपवला. दोन्ही विमानांची धडक झाली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. येथे कोणीही ‘ध’चा ‘मा’ केला नव्हता. जो तो आपल्या समजुतीप्रमाणे सरळच बोलत होता. (वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये, ही आपल्या घरांतली शिकवण मला कधीच पटलेली नाही.)

त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरावा, असा दंडक झाला आणि महत्त्वाची सूचना नुसत्या ‘ओके’वर न सोडता परत वदवून घेण्यावर भर आला.

आपल्या रेल्वेत ही शिस्त जुनी आहे. सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावरचा गेटमन ‘फाटक बंद केले’ एवढेच फोनवर सांगून सुटत नाही. त्याला जवळच्या तक्त्यातील एक खासगी क्रमांक, म्हणजे निरोपाची खूण म्हणून एकदाच वापरायचा आकडा, सांगावा लागतो. स्टेशनमास्तर तो क्रमांक वहीत उतरवून घेतो आणि मगच गाडीला सिग्नल देतो.